मिरकरवाड्यात शरद येतो तेव्हा

ऑक्टोबर उजाडला की मिरकरवाडा बंदरात नांगरलेल्या होड्यांवरची निशाणं दिवसातून दोनदा दिशा पालटू लागतात. भल्या पहाटे ती समुद्राकडे फडफडतात, दुपार कलताना जमिनीकडे. जून ते सप्टेंबर असं दिसत नाही, कारण तेव्हा नैर्ऋत्येचा वारा एकाच अंगाने रेटत असतो. पाऊस माघारी फिरला की जमीन आणि समुद्र यांची रोजची देवघेव पुन्हा सुरू होते. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि जमिनीवरची गार हवा पाण्याकडे सरकते. हा मतलई वारा. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि ती जागा भरायला समुद्रावरून हवा आत येते. हा खारा वारा. शिडाच्या होड्यांच्या काळात तांडेल मतलईवर दर्यात जात आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. आजच्या यांत्रिक नौकांना त्याची गरज उरलेली नाही, पण निशाणं अजूनही तेच सांगतात आणि चार-पाच वर्षांच्या मुलालाही ते वाचता येतं.

रत्नागिरीचा शरद असा वाऱ्यावरून ओळखायचा. झाडांवरून ओळखायला गेलं तर फसगत होते. आश्विन-कार्तिकात कोकणातली झाडं गळत नाहीत. आंबा, फणस, उंडी, वड हिरवेगार असतात आणि जी झाडं पानं टाकतात ती माघ-फाल्गुनात टाकतात. तरीही अनेक बालवाड्यांच्या भिंतींवर शरद म्हणून मेपलची लाल-नारिंगी पानं चिकटवलेली दिसतात. मुलं ती रंगवतात, वर्गाबाहेर येतात आणि तसं एकही पान त्यांना कुठे दिसत नाही. ज्या ऋतूचं चित्र वर्गात पाहिलं तो ऋतू दाराबाहेर कधी भेटलाच नाही, तर मूल ऋतू ही पुस्तकातली गोष्ट मानू लागतं. हे नुकसान लहान नाही, आणि ते टाळायला अंगण आणि किनारा एवढं पुरतं.

मिरकरवाडा हे रत्नागिरी शहराचं मासेमारी बंदर. भगवतीच्या किल्ल्याच्या, म्हणजे रत्नदुर्गाच्या, पायथ्याशी ते वसलं आहे. एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र, पलीकडे भाट्याची खाडी. तासाभराच्या अंतरात खडकाळ किनारा, दोन रंगांची वाळू, खाडीचा चिखल, किल्ल्यावरचं गवत आणि मासळीचा बाजार एवढं सगळं मिळतं. तीन ते सात वर्षांच्या मुलांना ऋतू दाखवायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

बाजारापासूनच सुरुवात करावी. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हे माशांच्या विणीचे दिवस. ऑगस्टात बंदर जागं होतं, 1 सप्टेंबरपासून पर्ससीन जाळ्यांचा हंगाम उघडतो आणि तो 31 डिसेंबरला संपतो. शरद म्हणजे मिरकरवाड्याची ऐन गर्दी. पावसाळ्यात नद्यांनी वाहून आणलेला गाळ आणि पश्चिम किनाऱ्यालगत खोलातून वर येणारं पाणी यांमुळे समुद्रात सूक्ष्म वनस्पती माजतात. त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि या दोहोंवर बांगडा आणि तारली ताव मारतात. मोठमोठे थवे किनाऱ्याजवळ येतात ते याचमुळे. ही साखळी मुलाला तोंडी सांगून कळणार नाही, बांगड्याचं तोंड उघडून दाखवली तर कळते. मासेविक्रेत्या मावशींना विनंती करावी. त्या बोटाने जबडा उघडतील. आत कल्ल्यांच्या कमानींवर पिसासारखे लांब, बारीक दाते दिसतात. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि पाण्यातलं खाणं त्या दात्यांत अडकतं. मग सुरमईचं तोंड पाहावं. तिथे धारदार दात आहेत, कारण सुरमई लहान मासे पकडून खाते. कोण काय खातं हे तोंडावरून ओळखायचं, हा एवढा एक धागा हाती लागला की मूल बाजारातल्या प्रत्येक पाटीजवळ थांबतं. पापलेटचं तोंड इतकं इवलंसं का, असा प्रश्न त्यातूनच निघतो. पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, हेही त्याच वेळी सांगून टाकावं.

घरी आल्यावर ढोम्याचं डोकं फेकू नये. ढोमा, घोळ, कोत या माशांच्या डोक्यात कानाच्या जागी दोन टणक पांढरे खडे असतात. त्यांच्यामुळे माशाला तोल आणि आवाज कळतो. मासा वाढतो तसे या खड्यांवर थर चढत जातात आणि मत्स्यशास्त्रज्ञ खड्याचा पातळ छेद घेऊन त्यातल्या वलयांवरून माशाचं वय काढतात. जेवणाच्या ताटात सापडलेला खडा मूल आठवडाभर खिशात घेऊन फिरतं, इतका तो त्याला मोलाचा वाटतो.

बंदरावर आकाशाकडेही लक्ष असू द्यावं. ऑक्टोबरपासून मासळीच्या ओढीने कुरव येऊ लागतात. त्यांत तपकिरी डोक्याचा कुरव ओळखायला बरा, पण आपल्याकडे येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतं. हिवाळी पिसाऱ्यात ते पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. हा पक्षी लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करतो. तिथलं पाणी गोठण्याआधी तो निघतो आणि समुद्रसपाटीवर येऊन हिवाळा काढतो. वाळूवर तुरुतुरु धावून मध्येच थबकणारे चिखल्या आणि शेपटी खालीवर हलवणारे धोबी हेही याच दिवसांतले पाहुणे. बर्फाच्या मुलखातून आलेला पक्षी आपल्या बंदरावर बांगड्याचा तुकडा पळवतो, हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे होतात. नकाशा त्यांना पुढे केव्हाही शिकता येईल.

किल्ल्यावर चढलं की आणखी एक प्रवासी भेटतो. पिवळसर अंगाचे चतुर गवतावर थव्याने घिरट्या घालत असतात. त्यांत एक जात अशी आहे की तिच्या प्रवासाची गोष्ट मोठ्यांनाही थक्क करते. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात तिथे लाखो चतुर अचानक प्रकट होतात. चतुराची अंडी गोड्या पाण्यातच उबतात आणि त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तेव्हा हे चतुर तिथे जन्मलेले असणं शक्य नव्हतं. 2009 साली त्यांनी मांडलं की ते भारतातून निघतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोहोचतात. जाऊन-येऊन हा फेरा 14,000 ते 18,000 किलोमीटरांचा, आणि तो एकाच चतुराच्या आयुष्यात संपत नाही. साधारण चार पिढ्या मिळून तो पुरा होतो. कोकणात मुलं चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. त्यांना रागावण्यापेक्षा ही गोष्ट सांगावी. आफ्रिकेला निघालेल्याला अडवून ठेवणं मुलांनाच पटत नाही.

किल्ल्याच्या वाटेवर आणि गडग्यांच्या कडेला शरदातली खरी गंमत बियांची असते. गौरीच्या दिवसांत फुललेला तेरडा आता शेंगांनी लगडलेला असतो. पिकलेल्या शेंगेला बोट लावताच ती फट्दिशी फुटते, तिच्या पाकळ्या आत वळतात आणि बिया चारी दिशांना उडतात. लहान मूल हे वीस वेळा करील आणि एकविसाव्यांदाही तितकंच दचकेल. त्याला थांबवू नये, कारण तेरड्याला हेच हवं आहे. आघाड्याची बी कपड्यांना चिकटून प्रवास करते. कुसळीची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या बीला एक टोकदार अग्र आणि मागे लांब पिळदार केस असतो. मोज्यात घुसलेलं कुसळ काढलं की ते लगेच टाकून देऊ नये. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. पिळलेला केस उलगडू लागतो आणि कुसळ जिवंत असल्यासारखं हातावर गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दवाने भिजत आणि दिवसाच्या उन्हाने वाळत ही बी स्वतःला जमिनीत खुपसून घेते. ना बॅटरी, ना चावी, तरी फिरणारं हे खेळणं शरदात किल्ल्यावर फुकट मिळतं.

या दिवसांत मराठी मुलांना निसर्गात धाडण्याची सोय परंपरेने आधीच करून ठेवली आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो, हत्तीचा पाऊस गडगडतो आणि मुली हत्तीचं चित्र मधोमध ठेवून भोंडल्याचा फेर धरतात. आश्विन पौर्णिमेला कोकणात नव्याची पौर्णिमा असते. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणी, वरी, आंब्याची पानं, झेंडू, कुरडूची तुरे असलेली फुलं असं सगळं एकत्र बांधून दाराला लावतात. ते गोळा करायला मुलांनाच पाठवावं. शेतात भात कापणीला आलेलं असतं. लोंबीतला दाणा नखाने दाबला तर आठ-पंधरा दिवसांपूर्वी त्यातून दूध निघत होतं, आता तो कडक लागतो. दाणा दुधात असणं आणि दाणा भरणं यांतला फरक शेतकरी असाच पाहतो, मुलानेही तसाच पाहावा.

नरक चतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने फोडायचं कारीट हे तर शोधाशोधीचं उत्तम निमित्त. काकडीच्या कुळातली ही रानवेल वईवर, कुंपणावर चढलेली असते आणि तिची लहान, गोलसर, पांढरट पट्ट्यांची हिरवी फळं पानांआड लपलेली असतात. आता शहरात ती वाट्यावर विकायला येतात. पण आदल्या दिवशी आजोबांबरोबर वईत हात घालून शोधलेलं कारीट आणि विकत आणलेलं कारीट यांत मुलाच्या लेखी मोठंच अंतर असतं. कारीट कडूजहर असतं. त्यातला कडवट अंश गुरांना आणि किड्यांना वेल खाऊ देत नाही. जिभेच्या टोकाला लावण्याची रीत आहे, त्यापलीकडे मुलांनी ते खाऊ नये.

आता वाळूकडे. मांडवीची वाळू काळी आणि पांढऱ्या समुद्राची पांढुरकी, आणि दोन्ही एकाच गावच्या. दोन सारख्या वाट्या दोन्ही वाळवलेल्या वाळूंनी भरून मुलाच्या दोन हातांत द्याव्यात. काळी वाटी जड लागते. काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांचे कण असतात. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्यांबरोबर ते समुद्रात आले. इल्मेनाइट त्याच आकाराच्या साध्या वाळूच्या कणापेक्षा पावणेदोन पटीने जड असतं, त्यामुळे लाट हलके कण उचलून नेते आणि जड कण मागे राहतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काळ्या वाळूतून फिरवलं की पिशवीवर काळी लव उभी राहते. चुंबक पिशवीतून काढून घेतलं की ती गळून पडते. पांढुरक्या वाळूची परीक्षा लिंबाने होते. तिच्यातल्या शिंपल्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस पिळला की बारीक बुडबुडे येतात, कारण शिंपला चुन्याचा असतो आणि आम्ल लागताच त्यातून वायू सुटतो. काळ्या कणावर तसे बुडबुडे येत नाहीत. पाच वर्षांचं मूल हे दोन्ही प्रयोग स्वतःच्या हाताने करू शकतं आणि त्याने स्वतःच करावेत.

ओहोटीच्या वेळी पांढऱ्या समुद्राच्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या ओळी उमटलेल्या दिसतात, जणू कुणी ठिपक्यांची रांगोळी घातली आहे. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. पाणी ओसरलं की ते बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचे सूक्ष्म जीव चाटून खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. पुढे सरकतात, पुन्हा तेच. पाऊल वाजलं की सारे बिळात. मुलाला इथे एकच गोष्ट शिकवायची, ती म्हणजे न हलता बसणं. दोन-तीन मिनिटं कुणी हललं नाही तर खेकडे परत वर येतात. एरवी घरात क्षणभर न बसणारी मुलं इथे दगडासारखी बसतात, कारण हलल्याची शिक्षा खेकडेच लगेच देतात.

खडकांतल्या डबक्यांचं जग अधिक दाट आहे. शंख घेऊन चालणारा खेकडा, खडकाला घट्ट चिकटलेली कालवं, हात जवळ नेला की मिटून घेणारं समुद्रफूल, इवलाले मासे. भाट्याच्या खाडीकडे वळलं तर चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात. निवटी मासाच, पण ओल्या कातडीतून हवा घेते आणि पुढच्या परांवर रेटा देत चालते. तिच्याच शेजारी एक नांगी प्रचंड मोठी असलेले खेकडे ती नांगी उंचावून हलवत असतात. मोठी नांगी फक्त नराला असते.

हे सगळं पाहायचं तर ओहोटीची वेळ गाठली पाहिजे, आणि त्यासाठी कोकणात जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून पौर्णिमेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, पाचच्या पुढे, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या आसपास. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून पाणीही रोज तेवढंच मागे पडतं. त्यात पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. लहान मुलांना न्यायला त्रयोदशी-चतुर्दशीची दुपार सर्वांत चांगली. पाणी चार-पावणेपाचला तळाला जातं, ऊन उतरलेलं असतं आणि सूर्यास्ताला अजून दीड-दोन तास असतात. हा हिशेब ढोबळ आहे, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावंच.

काही पथ्यं मात्र कडक पाळायची. शेवाळलेल्या खडकावर चपला चालत नाहीत, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. पाणी ओसरत असताना आत जावं आणि चढू लागण्याआधी परतावं. लाटेकडे पाठ करून कुणी बसू नये. बंदराच्या धक्क्यावर दोर, बर्फाची लादी, टेम्पो, तेलकट पाणी यांची घाई असते. तिथे मुलाचा हात सुटता कामा नये आणि बांधाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तर चढूच नये. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नये, त्यातल्या गोगलगायीला विषारी काटा असतो. ऑक्टोबरची उष्णता दमट आणि थकवणारी, तेव्हा सकाळी नऊपूर्वी किंवा चारनंतरच बाहेर पडावं. मधल्या वेळेत झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा पाहता येतो.

दगड उलटला तर पाहून झाल्यावर तो होता तसाच ठेवायचा. खालच्या ओलसर बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. जिवंत शंख, खेकडे डबीत घालून घरी आणायचे नाहीत. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. रिकामे शिंपलेही मूठभर पुरेत. शंखातल्या खेकड्यांना वाढत्या अंगाबरोबर नवं घर शोधावं लागतं आणि ते याच रिकाम्या शंखांतून मिळतं. एवढं कारण सांगितलं की मुलं स्वतःहून निम्मे शंख परत ठेवतात.

लहान मुलांचं शिक्षण घराबाहेर न्यावं ही कल्पना महाराष्ट्रात परक्यांकडून यायची गरज नव्हती. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला कुरणात जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. ती कुरणशाळा. परदेशी महागडी साधनं मागवण्यापेक्षा बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या यांतूनच मोजणं, लावणं, वेगळं करणं शिकवलं गेलं. लहान खड्यांचा ढीग, मोठ्या खड्यांचा ढीग, गुळगुळीत आणि खरबरीत, तीन शिंपले आणि आणखी दोन. मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर आजही हे जसंच्या तसं करता येतं.

समुद्राच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेत रेचल कार्सन यांनी 1956 साली एक निबंध लिहिला. आपल्या भाचीच्या लहानग्या मुलाला घेऊन मेनच्या खडकाळ किनाऱ्यावर, पावसात, रात्रीच्या अंधारात त्या फिरत. नावं पाठ करून घेण्याआधी मुलाला पाहू द्या, हात लावू द्या, अचंबा वाटू द्या, असं त्यांचं मत. त्या स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या, तरी त्यांनी हे सांगितलं याला वजन आहे. ज्या आईबाबांना आपल्याला पक्ष्यांची, शंखांची नावं येत नाहीत याचा संकोच वाटतो, त्यांनी तो सोडून द्यावा. नाव ठाऊक नसेल तर बंदरावरच्या खलाशाला विचारावं. मुलाला उत्तर मिळतं आणि मोठी माणसंही विचारतात हेही दिसतं.

मोकळ्या उजेडाचा एक लाभ तर मोजून पाहिला गेला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटं जादा बाहेर खेळायला दिली. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्यांपैकी 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मोबाइलच्या पडद्याला खिळलेल्या डोळ्यांना क्षितिजावरची होडी दाखवणं हे डोळ्यांच्याही हिताचं आहे.

शरद सरता सरता, नोव्हेंबरपासून, याच किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात. रत्नागिरी तालुक्यातलं गावखडी आणि मंडणगडचं वेळास ही त्यांची ठरलेली गावं. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह घरटी राखली. अंड्यांतून पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात. शरदात मुलाला एवढंच सांगता येतं की वाळूखाली काहीतरी वाढतंय आणि ते पाहायला थंडी संपेपर्यंत थांबायचं आहे.

यंदाच्या दिवाळीसाठी रत्नागिरीतल्या आणि सुट्टीला गावी येणाऱ्या पालकांना एक सुचवणं आहे. नरक चतुर्दशी ही कृष्ण पक्षातली चौदावी तिथी. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती साडेदहाला येते आणि पाणी साडेचार-पाचच्या सुमारास पार मागे जातं. शिवाय अमावास्या तोंडावर असल्याने ते उधाणाचं पाणी, म्हणजे एरवी बुडालेले खडकही उघडे पडतात. अभ्यंगस्नान, कारीट, फराळ, किल्ल्याची माती हे सगळं सकाळी उरकून चार वाजता मुलांना घेऊन किनाऱ्यावर या. बरोबर पाण्याची बाटली, टोपी, एक भिंग आणि पिशवीत घातलेलं लोहचुंबक असू द्या, आणि सूर्य टेकण्याआधी परत निघा.